संगणक शंकासमाधान : अनेक कोअर, मोठ्या डिस्क आणि लिनक्स

विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून या सदराकडे लिनक्सविषयी येणारी पत्रे वाढली आहेत, आणि त्यांतली बरीचशी एकाच धाटणीची असतात. प्रोसेसरमध्ये किती कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत हे ठळक लिहिलेले असते. डिस्क कोणती, किती, कशी जोडलेली, याचा उल्लेख मात्र ओझरता असतो किंवा नसतोच. कोअरचे काम लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, आपले आपण पाहते, त्यात आपल्याला फारसे काही करावे लागत नाही. डिस्कची मांडणी मात्र आपल्यालाच ठरवावी लागते आणि ती एकदा चुकली की पुढे निस्तरणे जिकिरीचे होते. म्हणून या वेळी सातारा-सांगली भागातून आलेली अशी काही पत्रे एकत्र घेतली आहेत. उत्तरांतील आज्ञा देवनागरीत छापल्या असल्या, तरी टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि अक्षरांमध्ये जागा न सोडता टाइप कराव्यात.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे आणि पेढीचा हिशेब मी पाहतो. नवा संगणक असेंबल करून घेतला असून त्यात ८ कोअर व १६ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे कोअरवर चालणारा कामाचा एकेक प्रवाह) प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरती तबकडी नसलेली जलद डिस्क) आणि ४ टीबीची हार्ड डिस्क आहे. सर्व कोअर वापरले जावेत यासाठी लिनक्सची वेगळी आवृत्ती घ्यावी लागते का? पार्टिशन (डिस्कचे भाग) कसे पाडावे? आणि टॅलीचे काय करावे?

उत्तर : वेगळी आवृत्ती लागत नाही. एकाहून अधिक प्रोसेसर हाताळण्याची सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये १९९६ साली आलेल्या २.० या आवृत्तीपासून आहे. पूर्वी काही डिस्ट्रोमध्ये (लिनक्सच्या तयार संचांमध्ये) अनेक प्रोसेसरसाठी कर्नलचे निराळे पॅकेज निवडावे लागे, आणि तो सल्ला जुन्या लेखांतून अजूनही फिरत असल्यामुळे असे प्रश्न पडतात. उबंटू २४.०४ किंवा त्यावर आधारलेले लिनक्स मिंट २२ नेहमीच्या पद्धतीने बसवावे. या दोन्हींना २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार असल्याने पेढीच्या कामासाठी ती निर्धास्तपणे घेता येतील. बसवून झाल्यावर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्यावी. तीत एकूण सीपीयू १६, प्रत्येक कोअरमागे थ्रेड २ आणि सॉकेटमागे कोअर ८ असे दिसले, तर त्या बाबतीत आपले काम संपले. कमी आकडा दिसल्यास लिनक्सला दोष देण्याआधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) काही कोअर किंवा दुहेरी थ्रेडची सोय बंद केलेली नाही ना, हे पाहावे.

पार्टिशन पाडण्याआधी आपल्या दोन डिस्कमधला फरक नीट समजून घ्यायला हवा. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा पूर्ण करायला ८.३३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवा तो भाग वाचक हेडखाली येण्यासाठी सरासरी सव्वाचार मिलिसेकंद थांबावे लागते, आणि हेड त्या रुळावर नेण्याचा वेळ त्याहून वेगळा. सगळे धरून अशी डिस्क विखुरलेल्या छोट्या नोंदी सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचू शकते, मग प्रोसेसरमध्ये २ कोअर असोत की ६४. साटा या नेहमीच्या केबल-जोडणीवरील डिस्कला मागण्यांची एकच रांग असते आणि तीत ३२ मागण्या मावतात. उलट एनव्हीएमईच्या मानकात ६५,५३५ पर्यंत रांगा ठेवण्याची मुभा आहे, आणि लिनक्सच्या ३.१३ या २०१४ च्या आवृत्तीपासून आलेल्या बहुरांगी रचनेमुळे प्रत्येक कोअरला आपापल्या रांगेतून डिस्ककडे मागणी करता येते. अनेक कोअरचा खरा उपयोग दिसतो तो इथे. म्हणून ज्या फायली वारंवार उघडल्या-मिटल्या जातात त्या एनव्हीएमईवर, आणि ज्या एकदा लिहून क्वचित पाहिल्या जातात त्या हार्ड डिस्कवर, हे सूत्र धरावे.

होम हे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फायलींचे पार्टिशन मोठ्या हार्ड डिस्कवर ठेवावे, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. मला ते पटत नाही. ब्राउझर, मेल आणि इतर प्रोग्रामांच्या शेकडो बारीक फायली होममध्येच असतात. त्या फिरत्या तबकडीवर टाकल्या की नवा संगणकही जुन्यासारखा रेंगाळतो. आपण ५०० जीबीच्या एनव्हीएमईवर सुरुवातीला बूटसाठी १ जीबीचे ईएफआय पार्टिशन, मग रूटसाठी, म्हणजे खुद्द लिनक्ससाठी, १०० जीबी आणि उरलेले सर्व होमला द्यावे. ४ टीबीच्या डिस्कवर एकच पार्टिशन करून ते ‘डेटा’ या नावाने जोडावे व त्यात मागील वर्षांचे हिशेब, बिलांचे स्कॅन आणि पट्ट्या ठेवाव्यात. दोन्ही डिस्कवर जीपीटी पद्धतीचाच पार्टिशन तक्ता असावा. जुन्या एमबीआर तक्त्यात सेक्टरचा (डिस्कवरील माहितीच्या सर्वांत लहान तुकड्याचा) क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरला तो सुमारे २.२ टीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि आपली निम्म्याहून थोडी कमी डिस्क वाया जाईल.

आणखी दोन बारकावे सांगतो. पहिला असा, की ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम (फायली मांडण्याची पद्धत) बनवताना ५ टक्के जागा मूळ प्रशासकासाठी राखली जाते. रूट पार्टिशनवर ती योग्यच आहे, कारण डिस्क काठोकाठ भरली तरी यंत्रणा चालू राहते. पण ४ टीबीच्या नुसत्या साठवणीच्या डिस्कवर त्यापोटी सुमारे २०० जीबी अडकून पडतात. ‘ट्यून२एफएस’ या आज्ञेने ते प्रमाण १ टक्क्यावर आणता येते. दुसरा बारकावा, कोणते पार्टिशन कुठे जोडायचे हे सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमधील नोंदीचा. तिथे डिस्क एसडीए, एसडीबी अशा नावाने लिहू नये, कारण केबल बदलली किंवा दुसरी डिस्क जोडली की ही नावे अदलाबदल होऊ शकतात. यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा कायमचा ओळख-क्रमांक, लिहावा, आणि डेटाच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्यायही घालावा. तो नसेल आणि एखाद्या सकाळी ती डिस्क सापडली नाही, तर संगणक दीड मिनिट तिची वाट पाहतो आणि मग आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर जाऊन थांबतो. यार्डात सौदे सुरू झालेले असताना हे परवडणारे नाही.

टॅली विंडोजसाठी बनवलेले असल्याने ते व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात) विंडोज बसवून चालवणे हा सरळ मार्ग आहे. त्या विंडोजचा परवाना अर्थातच वेगळा लागेल. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू करून त्या मशीनला ४ थ्रेड आणि ६ जीबी रॅम द्यावी. सोळाच्या सोळा थ्रेड देण्याचा मोह टाळावा, त्याने हिशेबाचे सॉफ्टवेअर जलद होत नाही. व्हर्च्युअल मशीनची डिस्क-फाइल मात्र न चुकता एनव्हीएमईवर ठेवावी. वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावर) टॅली चालवून पाहण्याचा प्रयोग करायचा असल्यास सवडीने करावा, मार्चअखेरीस त्या फंदात पडू नये.

प्रश्न : मी साताऱ्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. २ टीबीच्या हार्ड डिस्कवर एका जुन्या मार्गदर्शिकेप्रमाणे पार्टिशन पाडून लिनक्स वापरते. वाचन ठीक चालते, पण फायली लिहिताना डिस्क फार मंद होते. पार्टिशन दाखवणारी ‘एफडिस्क’ ही आज्ञा अशी सूचना देते, की पहिले पार्टिशन फिजिकल सेक्टरच्या सीमेवर सुरू होत नाही. ही सूचना दुर्लक्षिण्याजोगी आहे का?

उत्तर : नाही, आपल्या तक्रारीचे मूळ त्या सूचनेतच आहे. हार्ड डिस्कचा सेक्टर कित्येक वर्षे ५१२ बाइटचा होता. डिस्कची घनता वाढल्यावर तो लहान आकार अडचणीचा ठरू लागला आणि उत्पादकांनी ४०९६ बाइटच्या सेक्टरकडे वळायचे ठरवले; जानेवारी २०११ पासूनच्या नव्या डिस्क या पद्धतीने बनवण्याचे त्यांच्यात ठरले होते. मात्र जुन्या प्रणालींची अडचण होऊ नये म्हणून बहुतेक डिस्क आतून ४०९६ चा सेक्टर ठेवून बाहेरून ५१२ चाच दाखवतात. ‘एफडिस्क’च्या यादीत लॉजिकल ५१२ आणि फिजिकल ४०९६ असे दोन आकडे दिसतात ते यामुळे.

आता आपल्या मार्गदर्शिकेकडे येऊ. तीत पहिले पार्टिशन सेक्टर ६३ पासून सुरू करायला सांगितले असणार, कारण जुन्या हिशेबात एका ट्रॅकमध्ये ६३ सेक्टर धरत. ६३ ला ५१२ ने गुणले की ३२,२५६ येतात आणि त्याला ४०९६ ने भागले की भागाकार ७.८७५ येतो, म्हणजे नि:शेष भाग जात नाही. ईएक्सटी४ चा प्रत्येक ४ केबीचा ब्लॉक त्यामुळे दोन फिजिकल सेक्टरांच्या सीमेवर अर्धवट पसरतो. वाचताना त्याचा त्रास जाणवत नाही. लिहिताना मात्र डिस्कला आधी दोन्ही सेक्टर पूर्ण वाचावे लागतात, त्यांतला हवा तेवढाच भाग बदलावा लागतो आणि तबकडी पुन्हा फिरून तीच जागा हेडखाली आली की मग लिहावे लागते. ५४०० आरपीएमच्या डिस्कवर असा एकेक जादा फेरा ११ मिलिसेकंदांचा पडतो, आणि छोट्या फायली हजारोंनी लिहायच्या असल्या की तो साचत जातो.

उपाय म्हणजे सर्व फायली दुसरीकडे उतरवून घेणे, डिस्कवर नवा जीपीटी तक्ता करणे आणि पार्टिशन सेक्टर २०४८ पासून, म्हणजे बरोबर १ एमआयबीपासून सुरू करणे. आजची सर्व साधने आपण होऊन तसेच करतात. आपण त्यांना सिलिंडर किंवा ट्रॅकचे आकडे देऊ नयेत, एवढेच. नंतर ‘पार्टेड’मधील ‘अलाइन-चेक’ने खात्री करून घ्यावी. जीपार्टेडसारख्या प्रोग्रामने जागच्या जागी पार्टिशन सरकवताही येते, पण २ टीबी माहिती अशी इंचाइंचाने हलवायला बरेच तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर पार्टिशन ना धड इथे ना धड तिथे अशा अवस्थेत राहते. बॅकअप घेणे भाग आहेच, तर मग नव्याने मांडणी करणेच बरे.

ओघात आलेले सांगून ठेवतो. बाहेरच्या यूएसबी पेटीतली मोठी डिस्क काढून थेट साटा केबलने जोडली आणि ती कोरी दिसू लागली, तर घाबरून फॉरमॅट मारू नये. काही पेट्या डिस्कचा सेक्टर बाहेर ४०९६ चा म्हणून दाखवतात; पेटी दूर झाली की तोच तक्ता ५१२ च्या मापाने वाचला जातो आणि जुळत नाही. डिस्क पुन्हा त्याच पेटीत बसवली की फायली दिसतात.

प्रश्न : वाई येथे आमच्याकडे जुन्या मराठी नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने आहेत आणि टेसरॅक्ट या प्रोग्रामने त्यांतील मजकूर ओळखून घेण्याचे काम चालू आहे. संगणक ८ कोअरचा आहे. एकेक पान देण्याऐवजी एका वेळी आठ पाने दिली तर काम आठपट जलद व्हावे अशी अपेक्षा होती, पण उलट वेळ जास्त लागू लागला. लोड ॲव्हरेज ३० च्या वर जाते. डिस्क कमी पडते आहे का?

उत्तर : विश्वकोशाच्या गावातून असा प्रश्न यावा याचा आनंद वाटला. डिस्क कमी पडते आहे की नाही, हे तर्काने ठरवू नये, ते मोजता येते. काम चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा देऊन पुढे १ हा आकडा लिहावा; दर सेकंदाला एक ओळ उमटू लागेल. तीतल्या अगदी पहिल्या दोन स्तंभांकडे पाहावे. ‘आर’ या स्तंभात प्रोसेसरवर चालू असलेल्या किंवा त्याची वाट पाहणाऱ्या कामांची संख्या असते आणि ‘बी’ या स्तंभात डिस्कवर अडून राहिलेल्यांची. लिनक्समधील लोड ॲव्हरेज या दोन्ही जातींची कामे एकत्र मोजते, त्यामुळे नुसत्या ३० या आकड्यावरून काहीच निष्कर्ष निघत नाही. प्रोसेसर निवांत बसलेला असतानाही डिस्क खोळंबली की हा आकडा चढतो.

आपण लिहिलेल्या लक्षणांवरून ‘आर’मध्ये ३२ च्या आसपास आणि ‘बी’मध्ये शून्य दिसेल, असा माझा कयास आहे. टेसरॅक्टची चौथी आणि त्यापुढची आवृत्ती एकेका पानासाठीसुद्धा स्वतःहून ४ थ्रेडपर्यंत उघडते. आपण आठ पाने एकदम दिली, म्हणजे आठ चोक बत्तीस थ्रेड आठ कोअरसाठी झगडू लागले, आणि एकमेकांची वाट पाहण्यातच त्यांचा वेळ जाऊ लागला. ‘ओएमपी थ्रेड लिमिट’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, तिन्ही शब्द मोठ्या रोमन अक्षरांत आणि मध्ये अंडरस्कोर घालून, १ वर ठेवावा. मग ‘एक्सआर्ग्ज’ या आज्ञेला ‘मोठा पी ८’ हा पर्याय देऊन आठ पाने सोडावीत. प्रत्येक पानाला एक कोअर मिळेल आणि कोणी कोणाच्या आड येणार नाही. हा एकच बदल आपली तक्रार दूर करील, असे वाटते.

डिस्कचा भाग पाहू. ए४ आकाराचे पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केले की ते २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचे होते आणि न दाबलेल्या स्वरूपात साधारण २६ एमबी जागा घेते. मजकूर ओळखायला प्रत्येक पानामागे काही सेकंद लागतात, तेवढ्यात आठ पाने आणून देणे हार्ड डिस्कला फारसे जड जाऊ नये. ज्या टप्प्यात पानांच्या छोट्या प्रती बनवल्या जातात किंवा फोल्डरच्या फोल्डर इकडून तिकडे नेली जातात, त्या टप्प्यात मात्र ‘बी’चा स्तंभ आणि त्याच ओळीतला ‘डब्ल्यूए’चा (डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा चढलेला दिसेल. तिथे आठ कामे एकदम लावणे हानिकारकच असते, कारण हेड आठ ठिकाणी धावत सुटते. तेवढ्यापुरती त्या दिवसाची पाने एसएसडीवर घ्यावीत आणि काम झाल्यावर परत ठेवावीत. आठशे पानांची मूळ चित्रे वीसेक जीबीत बसतात, म्हणजे त्यासाठी लहानशी एसएसडीही पुरते.

आठपट वेगाच्या अपेक्षेबद्दल थोडे लिहायला हवे. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब असा, की कामाचा जो भाग एकाच कोअरवर एकामागून एक करावा लागतो, तोच एकूण वेगाची मर्यादा ठरवतो. आपल्याकडे शेवटी सर्व पाने जोडून एकच पीडीएफ करण्याचे काम एकाच कोअरवर होते. समजा, एकूण वेळेतील २० टक्के वेळ अशा कामाचा असेल, तर ८ कोअरनी काम ३.३ पट जलद होईल आणि कोअर कितीही वाढवले तरी पाचपटीच्या पुढे जाणार नाही. अंकाच्या अंक एका पीडीएफमध्ये जोडत बसण्यापेक्षा निरनिराळ्या अंकांचे काम एकाच वेळी समांतर लावावे, म्हणजे एका अंकाची जोडणी चालू असताना बाकीचे कोअर दुसऱ्या अंकावर राबतील. नवा प्रोसेसर घेण्याचा विचार असल्यास तूर्त तो बाजूला ठेवावा.

प्रश्न : कराडमध्ये अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि त्याशेजारी उबंटू बसवायचे आहे, पण इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. शिवाय प्रोसेसर १२ कोअरचा असल्याचे दुकानदाराने सांगितले होते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये १६ दिसतात. फसवणूक झाली आहे का?

उत्तर : फसवणूक झालेली नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर असतात. त्यांतील पी कोअर प्रत्येकी दोन थ्रेड चालवतात आणि ई कोअर प्रत्येकी एक. आपल्याकडे ४ पी आणि ८ ई असतील, तर कोअर १२ आणि थ्रेड १६ हा हिशेब बरोबर जुळतो. कोणते काम कोणत्या कोअरवर न्यावे याविषयी प्रोसेसर जे संकेत देतो, ते वाचण्याची सोय लिनक्सच्या ५.१८ या आवृत्तीपासून आली, आणि उबंटू २४.०४ चे कर्नल त्याहून नवे आहे. तेव्हा जुनी आवृत्ती घेऊ नये, यापलीकडे काही करायचे नाही.

एसएसडी न दिसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे बायोसमध्ये डिस्कची पद्धत आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या पद्धतींवर ठेवलेली असते. ती एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर न्यावी लागते, पण थेट जाऊन बदलू नये, नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवून उठणारच नाही. पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात. प्रथम बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी. मोबाइलमध्ये फोटो काढून तो याच लॅपटॉपवर ठेवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. नंतर विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठेल अशी मांडणी करावी, लॅपटॉप रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडावे, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उठू द्यावे आणि मग ती मांडणी काढून टाकावी. विंडोज पुन्हा नीट चालू झाल्यावरच उबंटूचा पेनड्राइव्ह लावावा. उबंटूचा बूटलोडर मान्यताप्राप्त सहीचा असल्याने सिक्युअर बूट (सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद करायची गरज नाही.

विंडोजमधील फास्ट स्टार्टअप मात्र बंद करावे. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोज आपले पार्टिशन अर्धवट उघड्या अवस्थेत सोडते आणि लिनक्समधून त्यावर लिहिता येत नाही. दोन्ही प्रणाली आलटून पालटून वापरताना घड्याळ साडेपाच तासांनी पुढेमागे झालेले दिसले, तर मदरबोर्डचा सेल बदलायला जाऊ नये. लिनक्स संगणकातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते आणि विंडोज स्थानिक वेळेवर. ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेतील ‘सेट-लोकल-आरटीसी’ हा पर्याय १ करून लिनक्सला विंडोजची पद्धत पाळायला लावता येते.

प्रश्न : सांगलीत नदीकाठच्या भागात आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ ठेवण्यासाठी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेऊन लिनक्सवर रेड १ करण्याचा विचार आहे. स्वस्तातल्या डिस्क चालतील का? रेड केल्यावर वेगळा बॅकअप लागतो का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक महत्त्वाचे आहे. बॅकअप लागतोच. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर एकच माहिती एकाच क्षणी लिहिली जाते, त्यामुळे एक डिस्क बिघडली तर काम थांबत नाही, एवढेच. कोणी चुकून फोल्डर पुसले तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. आणि कृष्णेचे पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीत कुठपर्यंत आले होते, हे आपल्याला मी सांगायला नको. एकाच कॅबिनेटमधल्या दोन डिस्क पाण्यात एकदमच जातात. तिसरी डिस्क घ्यावी, दर आठवड्याला तीवर नक्कल करावी आणि ती स्टुडिओत न ठेवता उंचावरच्या भागातील एखाद्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी. पैसे दोनच डिस्कपुरते असतील, तर रेड करूच नये. एक डिस्क संगणकात आणि दुसरी बाहेर, अशी व्यवस्था आपल्या धंद्याला जास्त उपयोगाची आहे.

आता स्वस्त डिस्कविषयी. सध्याच्या हार्ड डिस्कमध्ये दोन जाती आहेत. सीएमआर डिस्कवर ट्रॅक शेजारी शेजारी वेगळे असतात. एसएमआर डिस्कवर ते कौलांसारखे थोडेथोडे एकमेकांवर चढवलेले असतात, आणि मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली पुढची सारी उचलावी लागतात. अशी डिस्क सलग लिहिताना चांगला वेग देते, पण जागोजागी बदल करू लागलो की आतल्या आत फेरमांडणी करत बसते आणि वेग अचानक कोसळतो. यातली गोम अशी की घरगुती एसएमआर डिस्क हे सगळे आतल्या आत उरकते, बाहेर ती साध्या डिस्कसारखीच दिसते आणि कर्नललाही फरक कळत नाही. दुकानातील खोक्यावरही बहुधा काही लिहिलेले नसते. मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या तपशीलपत्रकात रेकॉर्डिंग तंत्राचा रकाना पाहावा, आणि तो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रेडसाठी एसएमआर डिस्क घेऊ नये. रेडमधील एक डिस्क बदलली की दुसरीवरची सर्व माहिती नव्या डिस्कवर पुन्हा लिहिली जाते. सीएमआर डिस्कवर सेकंदाला सरासरी १५० एमबी धरले तरी ४ टीबीला साडेसात तास लागतात, आणि दरम्यान आपण एडिटिंग चालू ठेवले तर लिनक्स या कामाचा वेग आपण होऊन कमी करते, म्हणजे वेळ आणखी वाढतो. एसएमआरवर हाच प्रकार कित्येक पटींनी रेंगाळू शकतो, आणि तेवढा सारा वेळ आपली माहिती उरलेल्या एकाच डिस्कच्या भरवशावर असते. तिसऱ्या, बाहेर ठेवायच्या डिस्कसाठी मात्र एसएमआर खुशाल घ्यावी, कारण लग्नाचे फोटो एकदा सलग लिहिले की पुन्हा बदलत नाहीत.

अजून एका गोष्टीकडे लक्ष हवे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. साधी घरगुती डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही की पुन:पुन्हा प्रयत्न करत राहते, कधीकधी मिनिटभराहून अधिक. लिनक्सचे कर्नल डिस्ककडून उत्तर येण्याची वाट ३० सेकंद पाहते, मग डिस्क प्रतिसाद देत नाही असे समजून तिला रीसेट करते, आणि रेड तिला बाहेर काढू शकते. एका खराब सेक्टरसाठी धडधाकट डिस्क अशी बाद होते. नॅससाठी (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीसाठी) विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये ही प्रयत्नांची मुदत आखून दिलेली असते. इतर डिस्कवर ‘स्मार्टसीटीएल’मधील ‘एससीटीईआरसी’ हा पर्याय ७०,७० असा दिला की ती मुदत ७ सेकंद होते. तोवर वाचता आले नाही तर डिस्क तसे कळवते आणि रेड तो भाग दुसऱ्या डिस्कवरून घेऊन इथे पुन्हा लिहितो. डिस्कची वीज गेली की ही मांडणी बहुधा पुसली जात असल्याने ती आज्ञा दर बूटला आपोआप चालेल असे करून ठेवावे. डिस्क हा पर्याय स्वीकारतच नसेल, तर उलट कर्नलची मुदत ३० वरून १८० सेकंदांवर न्यावी.

दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच खोक्यातल्या घेणे टाळावे, कारण एका खेपेतल्या डिस्क पुष्कळदा मागेपुढे एकत्रच दगावतात. महिन्यातून एकदा ‘स्मार्टसीटीएल’ने प्रत्येक डिस्कचा अहवाल पाहावा. त्यात क्रमांक ५ आणि १९७ समोरचे, म्हणजे खराब झालेल्या आणि संशयित सेक्टरांचे, आकडे शून्यावरून वाढू लागले, तर डिस्क बदलायची वेळ झाली असे धरावे. १९९ समोरचा आकडा वाढत असेल, तर डिस्कऐवजी आधी साटा केबल बदलून पाहावी.

प्रश्न : कोरेगावहून लिहितो. संगणकात १६ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. स्वॅप पार्टिशन (रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा) ठेवावे का? एसएसडी लवकर झिजेल अशी भीती वाटते.

उत्तर : वेगळे पार्टिशन नको, ४ जीबीची स्वॅप फाइल ठेवावी, उबंटू आणि मिंट इन्स्टॉलर स्वॅप फाइलच बनवतात. १६ जीबी रॅम असताना रोजच्या वापरात तीवर नाममात्रच लिहिले जाते, त्यामुळे झिजेची भीती बाळगू नये. हायबरनेट वापरायचे असेल, तरच स्वॅप रॅमइतकी ठेवावी लागते. एसएसडीच्या आरोग्यासाठी पाहायचे ते एवढेच, की मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणाऱ्या ‘एफएसट्रिम’चा आठवड्याचा टाइमर चालू आहे ना. तो उबंटूमध्ये सुरुवातीपासून चालू असतो, आणि ‘सिस्टिमसीटीएल’मधील ‘लिस्ट-टाइमर्स’ने त्याची पुढची वेळ दिसते.